चेहरा, अंतर आणि भिंग

गोमंतकातील एखाद्या जुन्या घराची वसरी असो, इंदूर-ग्वाल्हेरकडील वाड्याचा दिवाणखाना असो, की हैदराबादेतील एखाद्या मराठी कुटुंबाचे माजघर असो, वाडवडिलांच्या तसबिरी भिंतीवर ओळीने लावण्याची चाल सर्वत्र सारखीच आढळते. या तसबिरींत आजोबा खुर्चीवर ताठ बसलेले असतात, हाताशी काठी असते, शेजारच्या तिवईवर फुलदाणी असते, आणि मागच्या रंगविलेल्या पडद्यावर एखादा विलायती जिना वर चढत असतो. त्या जिन्याचा आणि आजोबांच्या पगडीचा मेळ बसत नाही, याची आज आपल्याला गंमत वाटते. पण त्याच तसबिरीवरून आजोबा अंगाने कसे होते, पायांत काय घालीत, बसत कसे, आणि आजी शेजारी असल्यास दोघांमध्ये किती अंतर राखले जाई, हे सर्व कळते. याच ओळीत अलीकडे ज्या तसबिरींची भर पडली आहे, त्यांवरून यांपैकी काहीच कळत नाही. त्यांत चेहरा असतो. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका तो स्वच्छ असतो. परंतु कानाच्या मागे जे काही होते ते दुधात साखर विरघळावी तसे विरघळून गेलेले असते. हे घर कोणाचे, हे देऊळ कोणते, हा दिवस कसला, याचे उत्तर त्या दुधात सापडत नाही.

ही दुधाळ धुसरता हल्ली प्रतिष्ठेची खूण झाली आहे, आणि ती विकत मिळते. तिच्यासाठी व्यक्तिचित्रणाची म्हणून खास लेन्स असते, आणि तिच्या उंची प्रकाराची किंमत मध्यम स्थितीच्या गृहस्थास घाम फोडणारी असते. लग्नाचे छायाचित्रकार तिची जाहिरात करतात, हौशी तरुण पगारातून हप्ते फेडून ती घेतात, आणि घरातील वडीलधाऱ्यांची शेवटची चांगली तसबीर बहुधा तिच्यातूनच निघते. ज्या वस्तूच्या हाती पुढील पिढीची स्मृती सोपवावयाची, तिची परीक्षा आपण एखाद्या ग्रंथाची किंवा नाटकाची करतो तितक्याच काळजीने करावयास हवी. ती कोणत्या गुणाबद्दल पैसे घेते, तो गुण खरोखर तिचा आहे काय, आणि त्या गुणाच्या मोबदल्यात ती आपल्याकडून काय काढून घेते, असे तीन मुद्दे या परीक्षेत येतात.

पहिला मुद्दा चेहऱ्याच्या सौष्ठवाचा. बाजारात असे सांगितले जाते की, ८५ ते १३५ मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स चेहऱ्याला सुंदर करते, तर लहान नाभीय अंतराची लेन्स नाक मोठे करून दाखविते. हे विधान अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य साक्षीदार किती घातक असतो हे कोर्टाची पायरी चढलेल्यांना सांगावयास नको. चेहऱ्याची ठेवण लेन्स ठरवीत नाही. ती ठरते छायाचित्रकार किती दूर उभा आहे यावरून. नाकाचे टोक आणि कान यांच्यामध्ये सुमारे १२ सेंटीमीटर अंतर धरू. कॅमेरा नाकापासून ४० सेंटीमीटरवर असला, तर कान ५२ सेंटीमीटरवर पडतात आणि नाक कानांच्या मानाने सुमारे ३० टक्के मोठे उमटते. कॅमेरा दीड मीटरवर नेला की हा फरक ८ टक्क्यांवर येतो. दोन मीटरवर तो ६ टक्के उरतो. यात लेन्सचे नावही आले नाही, आले ते केवळ अंतर. हात लांब करून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढणाऱ्यास आपले नाक परके वाटते, त्याचे कारण एवढेच आहे.

मग ८५ मिलिमीटरचे माहात्म्य कशात? दीड-दोन मीटर अंतरावर उभे राहिले असता चेहरा आणि खांदे यांनी चौकट भरावी, इतकीच तिची सेवा आहे. ती छायाचित्रकाराला योग्य जागी उभे करते. ही सेवा लहान नव्हे. माणसाशी बोलताना आपण ज्या अंतरावर स्वाभाविकपणे बसतो, जेथून आवाज न चढविता बोलता येते आणि समोरच्याला आपला श्वास लागत नाही, तेच हे अंतर होय. परंतु ही सेवा ८५ मिलिमीटरची कोणतीही लेन्स करते. उंची लेन्स आणि तिची साधी बहीण, दोघीही त्याच जागी उभ्या राहून चेहरा सारखाच घडवितात. तेव्हा सौष्ठवाच्या सदरात उंची लेन्सला एक पैसाही जास्त देण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा आणि धुसरतेचा. उंची लेन्सचा खरा दावा येथेच आहे. तो समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. व्यक्तिचित्रणासाठी गणिताने आखलेली पहिली लेन्स १८४० साली व्हिएन्ना येथे जन्मास आली. तिचा कर्ता योझेफ पेट्झवाल हा विद्यापीठात गणिताचा अध्यापक होता. त्यापूर्वीच्या लेन्समधून प्रकाश इतका थोडा येई की, चेहरा उमटावा म्हणून माणसास उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. पेट्झवालने ऑस्ट्रियन तोफखान्यातील आकडेमोडीत वाकबगार असलेल्या सैनिकांचे साह्य घेऊन नवी रचना सिद्ध केली. छिद्राचे मान सांगण्याच्या आजच्या पद्धतीने ती एफ ३.६ होती, आणि आधीच्या लेन्सच्या मानाने सुमारे सोळापट प्रकाश आत घेत होती. बैठकीचा काळ मिनिटांवरून सेकंदांवर आला आणि सामान्य माणसाचा चेहरा प्रथमच चित्रात मावू लागला. ही लेन्स फोग्टलेंडर या कारखानदाराने बनविली; पुढे त्या दोघांत मोबदल्यावरून आणि हक्कांवरून कायमचे वितुष्ट आले. शोध एकाचा, नाव आणि पैसा दुसऱ्याचा, हा खटला जगात नवा नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पेट्झवालच्या लेन्सने चौकटीचा मध्यभाग तेवढा स्पष्ट उमटे. कडांकडे चित्र विरत जाई, आणि मागची झाडेझुडपे भोवऱ्यात सापडल्यासारखी गरगरताना दिसत. हा गुण कोणी मागितला नव्हता. प्रकाशाचा लोभ धरल्यामुळे पदरात पडलेले ते वैगुण्य होते, आणि चेहरा मध्ये असल्याने लोकांनी ते सोसले. आज ज्या धुसरतेसाठी आपण पैसे मोजतो, तिची वंशावळ अशी एका सोसलेल्या दोषापर्यंत जाते. पुढे या दोषाला कलेचे रूप दिले ते ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनी. १८१५ साली कलकत्त्यास जन्मलेल्या या बाईंना वयाच्या ४८ व्या वर्षी लेकीजावयाकडून कॅमेरा भेट मिळाला. त्यांच्या चित्रांतील अस्पष्टतेबद्दल तत्कालीन छायाचित्रकारांनी त्यांची टर उडविली. पण बाईंनी अस्पष्टता सरसकट पसरली नव्हती. चेहऱ्यातील तेज जेथे गोळा झाले आहे तेथे डोळा टिकावा, एवढ्यासाठी ती वापरली होती. १८६६ मध्ये लंडनच्या डालमायर या कारखान्याने तर अशी लेन्स बाजारात आणली की, तिच्यातील एक भिंग फिरवून धुसरता हवी तितकी कमी-अधिक करता येई. म्हणजे धुसरता विकण्याचा धंदाही दीडशे वर्षांहून जुना आहे.

या धुसरतेला हल्ली जे नाव आहे ते मूळ जपानी असून इंग्रजी नियतकालिकांनी १९९७ नंतर ते रूढ केले. ते नाव ‘बोके’. मराठी वाचकाच्या मनात या शब्दाने माजघरातील दुधावर टपलेले प्राणी उभे राहिले, तर त्याचा दोष नाही. आणि चित्रातील दूध पाहता तो अगदीच चुकला असेही म्हणवत नाही. बोके म्हणजे धुसरतेचे प्रमाण नव्हे, तिची जात. मागील दिव्यांचे ठिपके गोल आणि कडेला मऊ उमटतात की त्यांना काचेरी कडा येतात, पानांच्या गर्दीचा शांत रंग होतो की दुहेरी रेघांचा कल्लोळ होतो, हे त्यात पाहावयाचे असते. या बाबतीत उंची लेन्स बहुधा सरस असते, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

आता हिशेब पाहू. निकॉन कंपनीची ८५ मिलिमीटर एफ १.२ ही लेन्स २०२३ साली आली. तिचे वजन ११६० ग्रॅम आहे. त्याच कंपनीची ८५ मिलिमीटर एफ १.८ लेन्स ४७० ग्रॅमची आहे. पहिलीतून दुसरीच्या सव्वादोनपट प्रकाश येतो. तिची किंमत मात्र दुसरीच्या सव्वादोनपटीवर थांबत नाही, कित्येक पटींनी पुढे जाते, आणि हाताला भार अडीचपट होतो. सोनी कंपनीच्या एफ १.४ लेन्सचे वजन २०१६ च्या आवृत्तीत ८२० ग्रॅम होते, ते २०२४ च्या आवृत्तीत ६४२ ग्रॅमवर आले. म्हणजे कारखानदारांनाही या भाराची जाणीव झाली आहे.

एवढ्या मोठ्या छिद्राने चेहऱ्याचे काय होते? दीड मीटर अंतरावरून ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.२ वर पूर्ण उघडी ठेवून फोटो घेतला, तर सर्व मिळून सुमारे २२ मिलिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट उमटतो. आपल्या दोन डोळ्यांमधील अंतर ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. माणसाने मान ३० अंश वळविली, म्हणजे सहज बाजूला पाहिले, तरी एक डोळा दुसऱ्याच्या मागे सुमारे ३१ मिलिमीटर जातो. अर्थात एक डोळा स्पष्ट केला की दुसरा धुसर होणे अटळ आहे. छिद्र लहान करून एफ ४ वर आणले, तर हा पट्टा सुमारे ७५ मिलिमीटर होतो, एफ ५.६ वर तो १० सेंटीमीटरच्या पुढे जातो, आणि नाकापासून कानाच्या जवळपर्यंतचा चेहरा त्यात सामावतो. म्हणजे ज्या सामर्थ्यासाठी जास्तीचे पैसे दिले, ते पूर्णपणे वापरले तर चेहऱ्याचाच अर्धा भाग हातचा जातो. आणि चेहरा राखावयाचा तर ते सामर्थ्य आवरून ठेवावे लागते. ज्याने जिवंत माणसे पाहिली आहेत त्याला हे ठाऊक असते की, म्हाताऱ्या माणसाचे दोन डोळे सारखे नसतात. एकात पाणी असते, दुसऱ्यात अजून मिस्किलपणा असतो. त्यांपैकी एकालाच बोलू देणे म्हणजे दोन साक्षीदारांपैकी एकाचाच जबाब घेऊन निवाडा देणे होय.

कोणी म्हणेल की, मग ही लेन्स निरुपयोगीच ठरली. तसे मुळीच नाही. तिचे खरे क्षेत्र निराळे आहे. आमच्याकडे देवळांतून दिवजोत्सव होतो. रात्री सुवासिनी हाती पेटती दिवजां घेऊन ओळीने चालतात, आणि त्यांच्या मुखावर केवळ त्या ज्योतींचा उजेड असतो. तेथे फ्लॅशचा पांढरा झोत मारणे म्हणजे समईवर पाणी ओतणे. जो प्रकाश हाच त्या प्रसंगाचा प्राण, त्याला न मारता चेहरा टिपावयाचा, तर सव्वादोनपट प्रकाश ही चैन राहत नाही; ती गरज होते. पालखी सभामंडपातून निघताना, कीर्तनकार पूर्वरंगातून उत्तररंगाकडे वळताना, पहाटेच्या काकडआरतीला, अशा वेळी ही लेन्स आपल्या किमतीला जागते. (गाभाऱ्यात छायाचित्रणास जेथे मनाई असते तेथे ती पाळावी, लेन्स कितीही समर्थ असली तरी तिला परवाना मिळत नाही.) दुसरा लाभ दागिन्यांचा. साध्या प्रतीची मोठ्या छिद्राची लेन्स पूर्ण उघडली असता नथीच्या मोत्यांना, जरीच्या काठाला आणि चष्म्याच्या दांडीला जांभळट किंवा हिरवट कडा येते, कारण निरनिराळ्या रंगांचे किरण ती एकाच जागी आणू शकत नाही. उंची लेन्समध्ये खास काचेची भिंगे घालून हा दोष बराच आवरलेला असतो. ज्याला ही दोन कामे वारंवार पडतात, त्याने ती जरूर घ्यावी. ज्याला वर्षातून दोनदा पडतात त्याने भाड्याने आणावी; मोठ्या शहरांतून तशी सोय असते.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चेहऱ्यामागचे सर्व पुसून टाकले असता व्यक्तिचित्राचे कल्याण होते काय? येथे भिंगांचे कोष्टक बाजूला ठेवून थोरांची कामे पाहिली पाहिजेत.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ सालचा. रुरकीच्या थॉमसन कॉलेजातून शिकून ते १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस लागले, आणि तेथेच १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे दुसरे तुकोजीराव होळकर यांचा त्यांना आश्रय लाभला. पुढे ते सिकंदराबादेस गेले, सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, ‘राजा’ या किताबाने गौरविले गेले. १८९२ मध्ये त्यांनी पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना स्टुडिओ काढला. इंदूर आणि हैदराबाद या दोन्ही नगरींतील वाचकांना ते परके वाटू नयेत. त्यांच्या व्यक्तिचित्रांत गालिचा असतो, खुर्चीचे कोरीव हात असतात, तलवारीची मूठ असते, पडद्याची चुणी असते. हे सर्व मुद्दाम मांडलेले आहे, त्यात दिखाऊपणाही आहे. परंतु त्यातील बसलेला माणूस आपले स्थान घेऊन बसला आहे, आणि त्या स्थानासह त्याचे मोजमाप आपल्याला करता येते. एखाद्या सरदाराची खुर्ची त्याच्या मानाने मोठी झाली आहे हेसुद्धा आपण पाहू शकतो. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांपैकी २८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या. इतिहासाचे अभ्यासक आज त्या निगेटिव्हांत वस्त्रे, शस्त्रे आणि बैठका शोधतात. मागचे सर्व धुसर असते, तर त्यांना काय सापडले असते?

दुसरे उदाहरण होमाई व्यारावाला यांचे. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या या बाई भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि २०१२ च्या जानेवारीत वडोदऱ्यास त्यांनी देह ठेवला. पंडित नेहरूंच्या त्यांनी टिपलेल्या मुद्रा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांच्या हाती असे तो रोलायफ्लेक्स कॅमेरा. त्याला एकच लेन्स, ७५ किंवा ८० मिलिमीटरची. पण फिल्म सहा सेंटीमीटर चौरस असल्याने तिची दृष्टी आपल्या नेहमीच्या साध्या लेन्ससारखी. ती बदलता येत नसे. चेहरा जवळ हवा असेल तर स्वतः जवळ जावे लागे, आणि जवळ जाण्यासाठी समोरच्याचा विश्वास मिळवावा लागे. शिवाय या कॅमेऱ्याची चौकट वरून, मान खाली घालून पाहावयाची असते. छायाचित्रकार ज्याचे चित्र घेतो त्याच्यापुढे थोडा वाकलेला असतो. देवळाच्या ठेंगण्या दारातून आत जाताना मान आपोआप लवते. तसेच काहीसे हे आहे. यंत्राच्या रचनेने एक विनय शिकविला जात होता, आणि त्या विनयाची किंमत बिलात लावलेली नव्हती.

तिसरे उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरी या अमेरिकन छायाचित्रकाराने एका अफगाण मुलीचा फोटो घेतला. तो १९८५ च्या जूनमध्ये ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला. तो निकॉनच्या १०५ मिलिमीटर एफ २.५ लेन्सने काढलेला आहे. ही लेन्स छोटी, हलकी, दशकानुदशके विकली गेलेली. तिचे छिद्र आजच्या बाजारात कोणाला सांगण्याजोगेही वाटणार नाही. त्या चित्रातील पार्श्वभूमी धुसर आहे, तरी तिचा हिरवा रंग शिल्लक आहे, आणि तोच हिरवा मुलीच्या डोळ्यांत उतरला आहे. भिंगाने काय करावे याचा हा उत्तम नमुना. पण याच चित्राने दुसराही एक धडा दिला. त्या मुलीचे नाव शरबत गुला, हे जगाला कळले २००२ साली. मधली १७ वर्षे तिचा चेहरा घराघरांत होता आणि नाव कोठेच नव्हते. वकिलीच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या दस्तऐवजावर नाव, गाव आणि तारीख नाही, तो कितीही सुवाच्य असला तरी अपुरा. लेन्सने चेहरा अचूक दिला. माणूस कोण, हे विचारण्याचे काम लेन्सचे नव्हते.

या तीन उदाहरणांवरून असे दिसते की, चांगले व्यक्तिचित्र मागचे जग पुसून होत नाही. त्यातील किती ठेवावयाचे हे ठरवून होते. धुसरतेने गर्दीतील वाटेवरचा फलक, विजेच्या तारा, मांडवातील प्लास्टिकच्या खुर्च्या झाकल्या, तर ती सोय आहे. तिने तुळशीवृंदावन, दीपस्तंभ, आजीची चूल, आजोबांचे कायद्याचे ग्रंथ झाकले, तर ती नासाडी आहे. मोबाइलने तर हे काम गणितावर सोपविले आहे. यंत्र चेहऱ्याची कड शोधते आणि तिच्यापलीकडे जे असेल ते पुसते. या घाईत गजऱ्याच्या दोन कळ्या, कपाळावरची एक मोकळी बट, किंवा चष्म्याची दांडी माणसापासून तोडली जाते. त्या बटेला यंत्राने कचरा मानले. तिच्या नातवाने मानले नसते.

आता ज्यांना प्रत्यक्ष निवड करावयाची आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. लेन्स घेण्यापूर्वी आपली खोली मोजावी. उभ्या माणसाचा पायापासून डोक्यापर्यंत फोटो, थोडी मोकळी जागा ठेवून, ८५ मिलिमीटरने घ्यावयाचा तर सुमारे पावणेपाच मीटर मागे जावे लागते; १३५ मिलिमीटरने साडेसात मीटर. जुन्या वाड्याच्या चौकात किंवा गोमंतकी घराच्या राजांगणात हे जमेल. फ्लॅटच्या बैठकीत पाठ भिंतीला लागेल. तेथे ५० मिलिमीटरची साधी लेन्स पावणेतीन मीटरवरून तेच काम करते. आपल्या कॅमेऱ्यातील चित्रपट्टी लहान आकाराची, म्हणजे दीडपट कातर घेणारी असेल, तर ५६ मिलिमीटरची लेन्सच ८५ चे काम करील, हे विसरू नये.

एकट्या माणसासाठी छिद्र एफ २.८ ते ४, दोघांसाठी ५.६ आणि मुलांनातवंडांसह असेल तर ८ ठेवावे; नाहीतर पुढे बसलेले आजोबा स्पष्ट आणि मागे उभी सून धुसर, असा कौटुंबिक पक्षपात घडतो. फोकस जवळच्या डोळ्यावर असावा. कॅमेरा बसलेल्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणावा. उभे राहून वरून घेतलेल्या फोटोत म्हातारे माणूस आणखी लहान दिसते. उजेड खिडकीचा, एका बाजूने, तिरपा यावा. आणि सर्वांत आधी बसून बोलावे. उंची लेन्सचे एक किलोचे धूड समोर रोखले की अनेक वृद्ध माणसे अंग चोरतात. ते धूड मांडीवर ठेवून दहा मिनिटे गाऱ्हाणी ऐकली की तीच माणसे मोकळी होतात. ही दहा मिनिटे कोणत्याही कंपनीच्या यादीत मिळत नाहीत. फोटो झाल्यावर छापील प्रत त्यांच्या हाती द्यावी, आणि मागे नाव, गाव व साल लिहावे. पुढील पिढीत ती प्रत हाती घेणाऱ्यास भिंगाचा क्रमांक नको असतो. हा माणूस आपला कोण, हे त्याला हवे असते.

एकूण निवाडा असा. उंची व्यक्तिचित्र-लेन्स ही कारागिरीची थोर वस्तू आहे. अंधाऱ्या सभामंडपात, दिव्यांच्या उजेडात, सोन्यामोत्यांच्या बारकाईत तिचा अधिकार निर्विवाद आहे, आणि ज्याचा तो व्यवसाय आहे त्याने ती घ्यावी. परंतु चेहऱ्याचे सौष्ठव आपण देतो, हा तिचा दावा फेटाळावा लागतो. ते अंतराचे देणे आहे आणि साधी लेन्सही ते देते. मागचे पुसण्याचे तिचे सामर्थ्य हे सामर्थ्यच आहे, पण ते केव्हा वापरावयाचे हा विवेक तिच्यात बसविलेला नाही. घरातील वडील मंडळी किती दिवस समोर बसणार आहेत हे कोणास सांगता येत नाही. उंची लेन्ससाठी पैसे साठेपर्यंत त्यांना थांबवू नये. हाताशी असलेला साधा कॅमेरा घ्यावा, दोन मीटरवर खुर्ची मांडावी, खिडकी उघडावी, आणि मागे त्यांचे घर दिसेल असे पाहावे.